नांवाची किंमत : हान्स विल्सडॉर्फ यांचें अल्पचरित्र

विद्यार्थिमित्रहो, गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास पलूसला आला होता. तो सध्यां पुण्याच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. त्यास जुनीं पोलादी मनगटी घड्याळें जमविण्याचा छंद लागला आहे. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं जमवितो. तसाच हाही एक छंद. पाणबुडे, वैमानिक, गिर्यारोहक, मोटारींच्या शर्यतींत भाग घेणारे, अशा धाडसी लोकांकरितां पन्नास-साठ वर्षांपूर्वीं जीं दणकट घड्याळें तयार झालीं, तीं शोधून काढावयाचीं, त्यांचा पूर्वेतिहास जाणून घ्यावयाचा आणि तीं जतन करावयाचीं, असें या छंदाचें स्वरूप आहे.

त्यानें रुमालांत गुंडाळलेलें एक घड्याळ खिशांतून काढून आमच्यापुढें ठेविलें. मुंबईच्या बाजारांत तीन महिन्यांचा पगार मोजून त्यानें तें घेतलें होतें. तबकडी आरशाप्रमाणें चकाकत होती आणि तिच्यावरील परदेशी नांव ठळक होतें. पण आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा मात्र उतरलेला होता. एका जाणत्या घड्याळजीनें भिंग लावून तें पाहिलें, तेव्हां असें आढळून आलें कीं तबकडी अलीकडेच रंगविलेली आहे, काटे दुसऱ्याच घड्याळाचे आहेत, आणि आंतील यंत्र तिसऱ्याचें आहे. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही आपली म्हण त्या घड्याळास तंतोतंत लागू पडत होती.

जगांतील घड्याळसंग्राहकांनीं अशा रंगविलेल्या घड्याळांस एक टोपणनांव दिलें आहे, आणि तें लिहितांना आम्हांस खेद होतो. परदेशांतील संग्राहक त्यांस मुंबई स्पेशल म्हणतात. खराब झालेली तबकडी गिऱ्हाइकाच्या इच्छेवरून रंगवून देणें हा प्रामाणिक धंदा आहे; त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु रंगविलेली तबकडी मूळची म्हणून विकणें ही लबाडी होय, आणि थोड्या लोकांच्या या लबाडीमुळें आपल्या प्रांताच्या राजधानीचें नांव दूरदेशीं थट्टेचा विषय झालें आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें आम्हांस दोन प्रश्न विचारले. या घड्याळाचें आतां काय करावें, हा एक. आणि तबकडीवरील एका नांवासाठीं शहाणींसुरतीं माणसें एवढा पैसा कां मोजतात, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्याचें त्यानेंच शोधावयाचें असतें. दुसऱ्याचें उत्तर म्हणून आम्हीं त्यास जें चरित्र सांगितलें, तेंच येथें तुम्हां सर्वांसाठीं लिहीत आहों. तें चरित्र हान्स विल्सडॉर्फ या गृहस्थांचें आहे. रोलेक्स हें नांव तुमच्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. तें नांव त्यांनीं निर्माण केलें, आणि त्याहून कठीण गोष्ट म्हणजे तें राखलें.

हान्स विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजीं जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत कुल्मबाख या गांवीं झाला. घरचा धंदा लोखंडी सामानाचा होता. घरची स्थिति चांगली होती; परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहींत. हान्स बारा वर्षांचा असतांना तो आईबापांस पारखा झाला. मुलें लहान, दुकान पाहणारें कोणी नाहीं. तेव्हां मामा-काकांनीं विचार करून दुकान विकून टाकिलें आणि मिळालेली रक्कम मुलांच्या शिक्षणास लाविली. हान्सला कोबुर्ग येथील वसतिगृहाच्या शाळेंत ठेविलें.

परक्या गांवीं, परक्या मुलांत, आईबापांवांचून राहणें म्हणजे काय, हें आमच्या शाळेंतील ज्या मुलांनीं वसतिगृहांत दिवस काढिले आहेत त्यांस सांगावयास नको. मुलगा रडत बसला असता तर त्याला कोणीं दोष दिला नसता. पण हान्सनें अभ्यासांत मन घातलें. गणित आणि परकीय भाषा हे त्याचे आवडते विषय होते, आणि त्यांतही इंग्रजी त्यास विशेष साधली. वडिलोपार्जित दुकान गेलें, त्यामुळें आपल्या पायांवर उभें राहण्याची संवय लागली, असें ते पुढें मोठेपणीं मानीत असत. वारशानें मिळालेला पैसा संपतो. शिकलेली भाषा कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

शाळा सुटल्यावर ते स्वित्झर्लंडमध्यें गेले. प्रथम जिनीव्हा येथें मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. नंतर १९०० सालीं ला शो-द-फाँ या गांवीं घड्याळें निर्यात करणाऱ्या एका पेढींत त्यांस इंग्रजी पत्रव्यवहार पाहणारा कारकून म्हणून जागा मिळाली. पगार महिना ८० फ्रँक. हें गांव डोंगरांत वसलेलें असून तेथें घरोघरीं घड्याळांचे भाग तयार होत. पत्रें लिहिण्याखेरीज दुसरेंही एक काम त्यांच्या वांट्यास आलें होतें. रोज शेंकडों घड्याळांना चावी द्यावयाची आणि प्रत्येक घड्याळ बरोबर चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें. काम कंटाळवाणें खरें. परंतु चांगलें घड्याळ आणि केवळ देखणें घड्याळ यांतील भेद त्यांस याच कामानें शिकविला. ते घड्याळजी नव्हते, त्यांनीं स्वतःच्या हातानें घड्याळ घडविलें नाहीं. पण पारख मात्र पक्की झाली.

१९०३ सालीं ते लंडनला गेले आणि १९०५ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, आल्फ्रेड डेव्हिस नांवाच्या भागीदाराबरोबर त्यांनीं स्वतःची पेढी काढिली. स्वित्झर्लंडमधून यंत्रें आणावयाचीं, कवचांत बसवावयाचीं आणि दुकानदारांस विकावयाचीं, असा त्यांचा व्यापार होता. त्या काळीं सभ्य पुरुष घड्याळ खिशांत साखळीला लावून ठेवीत. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. शिवाय एवढ्याशा यंत्रानें वेळ बरोबर दाखवितां येईल, हाताच्या हिसक्यांत व धुळींत तें टिकेल, असें जाणत्या कारागिरांनाही वाटत नव्हतें. तरुण विल्सडॉर्फ यांची मात्र खात्री झाली होती कीं उद्यांचें घड्याळ मनगटावरचेंच असणार. बिएन शहरांतील हेरमान एग्लर यांच्या कारखान्यांत लहान व बिनचूक यंत्रें तयार होत. विल्सडॉर्फ यांनीं त्यांच्याकडे आपल्या ऐपतीबाहेरची मोठी मागणी नोंदविली.

लोकांचा पूर्वग्रह मोडणें किती कठीण असतें, याचें उदाहरण आम्हां पलूसकरांस दूर शोधावयास नको. आपल्या शेजारचें किर्लोस्करवाडी ज्यांनीं वसविलें त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशा समजुतीनें शेतकरी त्याला शिवेनात. गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षें लागलीं. नांगर चांगला असून भागत नाहीं. तो चांगला आहे हें लोकांस पटावें लागतें. आणि तें एकदां पटलें म्हणजे कारखान्याचें नांव हीच हमी होते. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ज्या निवडुंगाच्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेथील मालावर आजही लोक नांव पाहूनच विश्वास ठेवितात.

विल्सडॉर्फ यांनींही हेंच ओळखलें होतें. त्या वेळच्या प्रघाताप्रमाणें तबकडीवर कारखानदाराचें नांव नसे. विकणाऱ्या दुकानदाराचें असे. घड्याळ बिघडलें तर दोष कोणाचा, आणि चांगलें चाललें तर श्रेय कोणाचें, हें गिऱ्हाइकास कळण्यास मार्ग नव्हता. विल्सडॉर्फ यांस असें नांव हवें होतें कीं जें लहानशा तबकडीवर मावेल, कोणत्याही भाषेंत उच्चारतां येईल आणि सहज लक्षांत राहील. १९०८ सालीं त्यांनीं रोलेक्स हें नांव नोंदविलें. दुकानदारांस तें रुचलें नाहीं. तेव्हां विल्सडॉर्फ यांनीं भांडण न करितां प्रथम सहा घड्याळांपैकीं एकावरच तें नांव घालण्यास आरंभ केला. पुढें दोहोंवर, नंतर तिहींवर, असें करीत करीत कित्येक वर्षांनीं तें सर्वांवर आलें. नांव घालण्याची ही धडपड केवळ मिरविण्याची नव्हती. नांव घातलें कीं जबाबदारी घेतली, असा तिचा अर्थ होता.

ज्या १९१० सालीं इकडे किर्लोस्करवाडीची पायाभरणी होत होती, त्याच सालीं बिएन येथील परीक्षाकेंद्रानें रोलेक्सच्या एका मनगटी घड्याळास बिनचूकपणाचें प्रमाणपत्र दिलें. मनगटी घड्याळास असा मान पूर्वीं मिळाला नव्हता. पण विल्सडॉर्फ तेवढ्यावर थांबले नाहींत. इंग्लंडांतील क्यू वेधशाळेची परीक्षा सर्वांत कडक समजली जाई. समुद्रावरील जहाजांची दिशा ज्या मोठ्या घड्याळांवर अवलंबून असे, त्यांची तेथें कसोटी होई. घड्याळ आडवें, उभें, उलटें ठेवून, उष्णतेंत व बर्फासारख्या थंडींत ठेवून पंचेचाळीस दिवस त्याची चाल पाहात. १५ जुलै १९१४ रोजीं रोलेक्सच्या एका लहानशा मनगटी घड्याळानें त्या परीक्षेंत पहिल्या वर्गाचें प्रमाणपत्र मिळविलें. बायकांचा दागिना म्हणून ज्याची हेटाळणी झाली होती, तें जहाजावरील घड्याळांच्या पंक्तीस बसलें.

या आनंदाचा उपभोग घेण्यास फार दिवस मिळाले नाहींत. तीन आठवड्यांच्या आंत पहिलें महायुद्ध सुरू झालें. जर्मनींत जन्मलेल्या आणि जर्मन आडनांव असलेल्या मनुष्यास लंडनमध्यें तो काळ फार कठीण गेला. १९१५ मध्यें पेढीच्या पाटीवरील विल्सडॉर्फ हें नांव काढून कंपनीस रोलेक्स हें नांव देण्यांत आलें. घड्याळांवर जबर जकात बसली. याच युद्धांत मात्र खंदकांतील सैनिकांस खिशांतून घड्याळ काढून पाहण्याची सोय राहिली नाहीं आणि मनगटी घड्याळ हें पुरुषाचें झालें. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं विल्सडॉर्फ जिनीव्हास गेले व तेथेंच कायमचे राहिले.

आतां त्यांच्यापुढें दुसरा प्रश्न होता. घड्याळाचा मोठा शत्रु म्हणजे पाणी व धूळ. चावीच्या भोंकांतून तीं आंत शिरत आणि यंत्र गंजे. चावी मळसूत्रानें आवळून बसविण्याची एक युक्ति दोघा स्विस कारागिरांनीं काढिली होती. विल्सडॉर्फ यांनीं तिचे हक्क विकत घेतले, कवचाचीं झाकणेंही मळसूत्रानेंच आवळलीं, आणि १९२६ सालीं पाणी आंत न शिरणारें घड्याळ बाजारांत आणिलें. मिटलेल्या कालवाप्रमाणें घट्ट म्हणून त्याचें नांव ऑयस्टर ठेविलें. दुकानांच्या खिडक्यांत कांचेच्या हौदांत मासे सोडून त्यांच्यामध्यें हीं चालतीं घड्याळें बुडवून ठेवीत, आणि रस्त्यानें जाणारे लोक थांबून पाहात.

पुढील सालीं मर्सिडीज ग्लाइट्झ नांवाच्या एका तरुण इंग्रज बाईनें इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी पोहून पार केली. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका बाईनें तसाच खोटा दावा केल्यामुळें लोक ग्लाइट्झ बाईविषयींही शंका घेऊं लागले. आपला खरेपणा सिद्ध करण्यासाठीं ती २१ ऑक्टोबर १९२७ रोजीं पुन्हां पाण्यांत उतरली. या खेपेस विल्सडॉर्फ यांनीं दिलेलें ऑयस्टर घड्याळ तिच्या गळ्यांत होतें. पाणी अतिशय थंड होतें. दहा तासांहून अधिक वेळ पोहल्यावर तिची शुद्ध हरपूं लागली, तेव्हां तिला बाहेर काढावें लागलें. ती पैलतीरास पोंचली असें जें अनेक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें तें खरें नव्हे. पण तिचें धैर्य पाहून सर्वांचा संशय फिटला, आणि गळ्यांतील घड्याळ अचूक चाललेलें आढळलें. पुढील महिन्यांत विल्सडॉर्फ यांनीं लंडनच्या डेली मेल या वर्तमानपत्राचें पहिलें पान विकत घेऊन ही हकीकत जगजाहीर केली. व्यापारी मनुष्याची चतुराई त्यांच्यांत पुरेपूर होती, हें लपविण्याचें कारण नाहीं.

येथें पोलादाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. साधें लोखंड घामानें व खाऱ्या पाण्यानें गंजतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोलादांत क्रोमियम धातु मिसळण्याची विद्या साध्य झाली. शंभरांत दहा-अकरा भाग क्रोमियम असलें म्हणजे पोलादाच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारा एक पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो गंज चढूं देत नाहीं. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हां जमतो. आपल्या घरांतील स्टीलचीं भांडीं याच जातीचीं होत. सोन्याचें घड्याळ मिरवावयाचें आणि पोलादाचें घड्याळ कामाचें, असा भेद त्या काळीं होता. १९३१ सालीं विल्सडॉर्फ यांच्या कारखान्यानें हाताच्या हालचालीनें आपोआप चावी बसणारें यंत्रही आणिलें. त्यामुळें चावी वारंवार उघडण्याचें कारण राहिलें नाहीं, आणि पाणी शिरण्याची वाटही कमी झाली.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील त्या गोष्टीकडे येतों, जिच्यासाठीं हें चरित्र तुम्हांस सांगावेंसें वाटलें. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तराष्ट्रांचे हजारों सैनिक व वैमानिक जर्मनांच्या हातीं सांपडले. पकडतेवेळीं पुष्कळांचीं घड्याळें काढून घेण्यांत आलीं. बंदिवासांत वेळ कळत नाहीं, ही शिक्षा बाहेरच्या माणसास लहान वाटेल. पण ज्याचा दिवस संपतां संपत नाहीं त्याला ती लहान नसते. कैदी जिनीव्हास पत्रें लिहूं लागले. विल्सडॉर्फ यांनीं निरोप धाडला कीं हवें तें घड्याळ मागवावें आणि युद्ध संपेपर्यंत पैशाचा विचारही करूं नये. लेखी करार नाहीं, जामीन नाहीं; घेणारा मनुष्य उद्यां जिवंत राहील याचीही शाश्वति नाहीं. रेडक्रॉसच्या साहाय्यानें घड्याळें छावण्यांत जाऊं लागलीं. बव्हेरियांतील एकाच छावणींतून तीन हजारांहून अधिक घड्याळांची मागणी आली, असें सांगतात.

या कैद्यांत क्लाईव्ह नटिंग नांवाचा एक इंग्रज होता. सागान येथील वैमानिकांच्या छावणींत तो जोडे शिवण्याचें काम करी. त्यानें १० मार्च १९४३ रोजीं सेकंद मोजण्याची सोय असलेलें एक पोलादी ऑयस्टर घड्याळ मागविलें. तें साधें घड्याळ नव्हतें, किंमतही भारी होती. तरी तें त्याच वर्षीं छावणींत पोंचलें. पुढच्या वर्षीं, २४ मार्चच्या रात्रीं, याच छावणींतून शहात्तर कैदी भुयार खणून पळाले; त्यांपैकीं तिघेच सुटले आणि पकडलेल्यांपैकीं पन्नास जणांस गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. नटिंग युद्धांतून जिवंत राहिला, घरीं गेला आणि बिल आल्यावर त्यानें पंधरा पौंड व कांहीं शिलिंग चुकते केले. ज्यानें विश्वास टाकिला त्याचें नांव मोठें झालें. परंतु ज्यानें पांच वर्षांनीं पैसे दिले, त्याचीही आठवण आपण ठेविली पाहिजे. विश्वास ही दोन हातांनीं वाजणारी टाळी आहे.

या कृत्यांत व्यापाराचा हिशेब मुळींच नव्हता, असें आम्ही म्हणणार नाहीं. शत्रूच्या छावणींतील कैद्यावर विश्वास टाकणें म्हणजे युद्ध कोण जिंकणार याविषयींचें आपलें मत बोलून दाखविण्यासारखेंच होतें, आणि सुटून आलेले सैनिक त्या घड्याळाची कीर्ति देशोदेशीं नेणार, हेंही विल्सडॉर्फ यांच्या ध्यानीं आलें असेल. जर्मन जन्मामुळें कांहीं ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मनांत त्यांच्या निष्ठेविषयीं संशयही होता. माणसाच्या अंतःकरणांतील सर्व कप्पे उघडून पाहण्याची शक्ति चरित्रकारास नसते. पण दिलेला शब्द पाळला गेला, घड्याळें पोंचलीं, आणि पैसे मागितले गेले ते युद्ध संपल्यावरच, एवढें खरें.

याच दिवसांत त्यांच्यावर घरचें दुःख कोसळलें. १९४४ सालीं त्यांची पत्नी फ्लॉरेन्स ही वारली. १९११ पासून तिनें त्यांस साथ दिली होती. त्यांस मूलबाळ नव्हतें. इतक्या वैभवाचा वारस कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. १९४५ सालीं त्यांनीं एक विश्वस्तनिधि स्थापिला आणि कंपनीची आपली सर्व मालकी अखेरीस त्या निधीस मिळेल अशी तजवीज केली. ही संस्था आजही कंपनीची मालक असून तिच्या उत्पन्नांतून परोपकाराचीं कामें चालतात. जिनीव्हांतील एका नदीवर २०१२ सालीं झालेला पूलही त्यांच्याच नांवाचा आहे. ज्या अनाथ मुलाचें घरचें दुकान इतरांनीं विकलें, त्यानें आपलें दुकान कोणालाही विकतां येऊं नये अशी व्यवस्था करून ठेविली, हें पाहून आमचें मन भरून आलें.

आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांच्या कारखान्यानें तीं घड्याळें काढिलीं, ज्यांच्यामागें आज संग्राहक धांवतात. १९५३ सालीं शंभर मीटर खोल पाण्यांत टिकणारें पाणबुड्यांचें सबमरीनर आलें. त्याच सालीं एव्हरेस्ट जिंकणाऱ्या मोहिमेस इतर सामानाबरोबर रोलेक्स घड्याळेंही पुरविलीं होतीं. पाठोपाठ, दूरचा विमानप्रवास करणाऱ्या वैमानिकांसाठीं एकाच वेळीं दोन देशांची वेळ दाखविणारें जीएमटी मास्टर निघालें. हीं घड्याळें पोलादाचीं होतीं, कामकरी माणसांसाठीं होतीं आणि त्यांच्या किंमतीही बेताच्या होत्या. ६ जुलै १९६० रोजीं जिनीव्हा येथें विल्सडॉर्फ यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांचें वय ७९ वर्षांचें होतें.

त्यांच्या पश्चात् जें घडलें तें त्यांस स्वप्नांतही दिसलें नसतें. १९६३ सालीं मोटारशर्यतींसाठीं निघालेलें डेटोना नांवाचें पोलादी घड्याळ आरंभीं दुकानांतून हलेना. अमेरिकेंतील नट पॉल न्यूमन यांना तसें एक घड्याळ पत्नीनें भेट दिलें होतें आणि मागच्या झांकणावर मोटार जपून हांकण्याविषयीं प्रेमाचे शब्द कोरून घेतले होते. त्यांनीं पुढें तें आपल्या मुलीच्या मित्रास सहज देऊन टाकिलें. तेंच घड्याळ २६ ऑक्टोबर २०१७ रोजीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांवर विकलें गेलें. छावणींतील जोडे शिवणाऱ्या नटिंगचें घड्याळही २००७ सालीं ६६,००० पौंडांस गेलें. त्याबरोबर विल्सडॉर्फ यांचीं पत्रेंही होतीं.

या किंमती ऐकून तुमचे डोळे दिपतील. पण संग्राहक काय पाहतात तें नीट समजून घ्या. ते चकाकी पाहात नाहींत. उलट, घांसून गुळगुळीत केलेलें कवच त्यांस नको असतें, कारण त्याच्या मूळच्या कडा बोथट होतात. उन्हानें तपकिरी झालेली जुनी तबकडी त्यांस नव्या रंगापेक्षां प्रिय असते. काटे, यंत्र, कवच हीं एकाच घड्याळाचीं आहेत काय, क्रमांक जुळतात काय, मूळ पावती आहे काय, कोणत्या हातांतून कोणत्या हातांत तें गेलें याचा पुरावा आहे काय, हें ते तपासतात. म्हणजे ज्या ओरखड्यांची आपणांस लाज वाटते, तेच तेथें खरेपणाची साक्ष होतात. पोलादाचें मोल वजनावर पाहिलें तर कांहीं रुपये. बाकी सर्व किंमत खरेपणाची. म्हणूनच एक रंगविलेली तबकडी सारी किंमत धुवून टाकिते.

हें सर्व ऐकून आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. तें घड्याळ जसें त्याच्या गळ्यांत पडलें, तसें तो दुसऱ्याच्या गळ्यांत बांधूं शकला असता. पुण्यांतील एका हौशी गृहस्थानें त्यास जवळजवळ तितकेच पैसे देऊं केले होते, आणि त्या गृहस्थास रंगविलेल्या तबकडीची कांहींच कल्पना नव्हती. घरीं धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च होता, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं त्यास काय करावें तें सांगितलें नाहीं. तो एस.टी.नें परत गेला.

महिन्याभरानें त्याचें पत्र आलें. त्यानें त्या गृहस्थास घड्याळाचा सर्व दोष समजावून सांगितला, आणि अर्थातच सौदा मोडला. शेवटीं एका घड्याळजीनें सुट्या भागांच्या भावानें तें घेतलें. तीन महिन्यांच्या पगारांतून पंधरा दिवसांचाही हातीं आला नाहीं. परंतु त्यानें पुढें असें कळविलें होतें कीं त्याच गृहस्थांनीं आतां त्यास आपल्या वडिलांचें जुनें घड्याळ दाखविण्यास घरीं बोलाविलें आहे, कारण त्याच्या सांगण्यावर भरंवसा ठेवितां येतो, हें त्यांस कळलें आहे.

मुलांनो, तुमच्यापैकीं किती जणांच्या मनगटावर पुढें मोठ्या नांवाचें घड्याळ येईल, हें आम्ही सांगूं शकत नाहीं, आणि न आल्यास आम्हांस वाईटही वाटणार नाहीं. पण तुमचें स्वतःचें एक नांव आहे. शाळेच्या हजेरीपटावर तें रोज पुकारलें जातें. सहांपैकीं एका कामावर घालण्यापासून आरंभ करा. पण ज्या कामावर घालाल तें काम खरें असूं द्या. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं मुलास पहिलें घड्याळ घेऊन द्याल तेव्हां तें नव्या कोऱ्या मोठ्या नांवाचें नसलें तरी चालेल. आजोबांचें जुनें, ओरखडे पडलेलें, पण खरें घड्याळ घरांत असेल तर तेंच घड्याळजीकडून साफ करून त्याच्या मनगटावर बांधा, आणि तें आजोबांनीं कोणत्या कष्टाच्या पैशानें घेतलें होतें, ती हकीकत त्याला अवश्य सांगा.